सुईआधीचा प्रश्न

तिसगावच्या त्या छोट्या दवाखान्यात दुपारी पेशंट नसले की कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं डोळ्यांपुढे तरंगायला लागायची. अजूनही झोप लागताना ती दिसतात. नव्वदीची ती मधली वर्षं. नगरला कॉम्प्युटरचा क्लास करून आलेली मी, आणि दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई. आजारी माणसाला काय काय विचारायचं, कोणत्या क्रमानं, कोणत्या शब्दांत, याचा एक आराखडा आम्ही त्या कॉम्प्युटरवर बांधत होतो. मराठी अक्षरं त्याला येत नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी.

पहिलाच प्रश्न होता, कुठल्या सुईचा त्रास झाला होता का? तो आला एका ऊसतोड बाईमुळे. पेनिसिलिनची सुई टोचली आणि ती बाकावरच निळी पडली. डॉक्टरबाईंनी तिला कशीबशी परत आणली. दसरा झाला की ती सोनईकडच्या कारखान्यावर जाणार होती. तिकडे ताप आला आणि कुणी तीच सुई दिली तर?

"सुईचं नाव न्हाई ध्यानात राहत," ती म्हणाली. "पांढरी हुती, एवढंच म्हाईत."

कारखान्याजवळच्या दवाखान्यातही कॉम्प्युटर होता, पण त्यांची मांडणी वेगळी. आमची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची चकती, तिथे उघडली तरी काही कळलं नसतं. दोन्हीकडे आराखडा एकच हवा. नगरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, आराखड्याला कुलूप घाला, पैसे भरल्याशिवाय उघडता कामा नये, आणि एकेका दवाखान्याला विका. डॉक्टरबाई विचारात पडल्या. माझं डोकं फिरलं.

घरी वडिलांना सांगितलं. ते चपला काढत होते.

"कुलूप घातलं तर त्या बाईला उपेग?"

"न्हाई."

"आमी बौद्ध व्हायच्या आदी हिरीवर जायची सोय नव्हती. वरनं कुनी वतलं तर पानी. कवा वतायचं, ही त्येची मर्जी." एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आराखड्याच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: घ्या, वापरा, हवं ते बदला. बदललंत तर तो बदल आम्हालाही द्या. पुढे कुणी मागितलं तर अडवू नका. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचलं आणि खाली भर घातली: कुठून आलं ते लिहीत जा. मग त्या आराखड्याची एक प्रत सोनईकडच्या त्या दवाखान्यात गेली.

आराखडा सगळ्यांचा, पण त्या बाईची माहिती तिची. म्हणून तिची फ्लॉपी आम्ही तिलाच दिली. तिनं ती कुंकवाच्या डबीशेजारी, लुगड्याच्या घडीत ठेवली. सगळा हिवाळा मला दुपारच्या गुंगीत ट्रकवरची बिऱ्हाडं दिसायची, खोपटं, धूळ, आणि त्या घडीतली ती काळी चकती. धुळीनं बिघडली तर नसेल ना, या विचारानं दचकून जागी व्हायची.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती आली. उन्हानं रापलेली, पण धडधाकट.

"लई ताप भरला व्हता," ती म्हणाली. "सुई भरून आनली त्येंनी. म्या चकती म्होरं केली. त्येंनी मशिनीत घालून बघितलं आन् सुई टाकून दिली. गोळ्या दिल्या."

मला रडूच आलं. लाज वाटली नाही. फ्लॉपी लावली, तर आमच्या प्रश्नाखाली तिकडच्या कुणीतरी नवा प्रश्न घातला होता: ऊसतोडीची टोळी सध्या कुठे उतरली आहे? आम्हाला तो सुचलाच नव्हता. कुठून आलं, तेही त्यांनी लिहिलं होतं.

"बघून झालं असंल तर द्या माजी चकती," ती म्हणाली. "औंदा परत जायचंय."

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"कुनी अडवलं न्हाई ना तिला?"

"न्हाई," मी म्हणाले.