सातव्या चालीचं प्यादं

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ताईची सत्तावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली. ताई आणि तिचा धाकटा भाऊ लहानपणी एकाच पटावर बुद्धिबळ शिकले. बाहेरगावच्या स्पर्धांना मात्र त्यालाच धाडलं. "मुलीच्या जातीला कुठे हिंडवायचं?" वडील म्हणाले आणि विषय मिटला.

ताई घरी बसून भावासाठी डावाची सुरुवात शोधू लागली. सातव्या चालीला घोड्यापुढचं प्यादं फुकट पुढे करायचं. समोरच्याने ते खाल्लं की त्याचा वजीर कोपऱ्यात अडकतो. ही युक्ती तिने दोन वर्षं डोकं खपवून काढली. भाऊ त्यावर विजेता झाला. पुढे ती सुरुवात पुस्तकात छापून आली, त्याच्या आडनावाने. पुस्तकाची एक प्रत ताईलाही मिळाली.

बावन्नाव्या वर्षी तिने घरी न सांगता खुल्या स्पर्धेत नाव घातलं. चौथ्या फेरीत समोर भाऊच बसला. त्याचे शिष्य टेबलाभोवती जमले.

सातव्या चालीला त्याने तेच प्यादं पुढे सरकवलं. सवयीनेच असेल. ती युक्ती मुळात कुणाची, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिने प्यादं खाल्लं नाही. उंट एक घर मागे घेतला. युक्तीतली ती फट तिला फार उशिरा सापडली होती. तोवर भावाचं येणंजाणं लग्नकार्यापुरतं उरलं होतं. सांगणार कुणाला?

अर्ध्या तासात त्याचा चेहरा उतरला.

"ताई, बरोबरी करू," तो पुटपुटला. "पोरं बघताहेत."

"खेळ तू," ती म्हणाली.

चौतिसाव्या चालीला त्याने राजा आडवा केला आणि हात न मिळवताच उठला.

बाहेर शिष्यांनी घेरलं तेव्हा तो हसत म्हणाला, "अरे, घरचं माणूस. दिला सोडून डाव." सगळे हसले. ताई चार पावलांवर, पाण्याच्या नळाशी उभी होती. पुढे होऊन काही बोलावं असं तिला वाटलं, पण तिने नळाखाली ओंजळ धरली.

उरलेल्या तिन्ही फेऱ्या ती हरली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "त्याला चारचौघांत हरवून तुला काय मिळालं गं? जेवलासुद्धा नाही म्हणे तो."

ताई सकाळपासून उपाशी होती. "मी उद्या बोलते," म्हणत तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला नाही, आणि भावाने पुन्हा कधीच.