आत्या फुडं, मी मागं

आमच्या सासूबाईंचं नाव भामाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. कळंबात आमचा दोन एकर ऊस, नवरा जोतीराम कारखान्यावर पाळीला, घरात माणसं तीनच. मला दिवस गेल्याचं कळलं आणि या बाईनं माझ्या हातातला झाडूसुद्धा काढून घेतला. भांडी त्या घासणार, धुणं त्या धुणार आणि मी बाजेवर बसून डिंकाचे लाडू खायचे. ऐकायला बरं वाटतं हो! दोन महिने तसं पडून बघा, मग कळंल. उठले की म्हणायच्या, आमाला कुणी बस म्हणलं न्हाय, तू तरी बस.

सातव्या महिन्यात बारामतीला तपासणी झाली आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी लाडू बंद केले आणि दोन्ही जेवणांनंतर वीस-वीस मिनिटं चालायला सांगितलं. पंधरा दिवसांत साखर उतरली नाही तर इन्सुलिन, शिवाय बाळाला त्रास व्हायची भीती. आत्यांनी लाडवांचा डबा त्याच दिवशी शेजारच्या साखरबाईला देऊन टाकला. दुपारचं चालणंही कबूल केलं. पण आमच्याकडं दिवस मावळताना जेवणं होतात, आणि अंधारात उसाच्या कडंनं साप-किरडू असतं. म्हणजे चालायची वेळ नेमकी तिन्हीसांजेची. पोटुशी बाई तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर जाणार म्हटल्यावर त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

मी चिडले, चांगली भांडले. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं. तिन्हीसांजेला डोक्यावर गवताचा भारा घेऊन रानातनं येताना पोटात कळ आली होती. बायकांनी त्या वेळेला दोष दिला, भाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. आत्या तीस वर्षं त्या वेळेलाच भीत आल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आत्यांच्या कानाला दिला. त्या बराच वेळ नुसतं व्हय, व्हय करत होत्या. संध्याकाळी त्यांनी दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळलं, पदर खोचला आणि माझ्या आधी उंबरा ओलांडला.

"मी फुडं चालते. काय आडवं येईल ते मला आदी येऊ दे."

कॅनॉलच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. पहिल्या दिवशी त्या दर दहा पावलांनी वळून मी मागं आहे ना, ते बघत होत्या. साखरबाई ओट्यावरनं म्हणायची, सासू-सुनेची वरात निघाली बघा. चौथ्या दिवशी आत्यांनी तिला सुनावलं, वरातीत यायचं तर ये, न्हायतर गप लाडू खा.

पंधराव्या दिवशी रिपोर्ट आला. साखर उतरली होती, इन्सुलिन टळलं. तरी आम्ही थांबलो नाही. गुडघा सुजला तरी आत्यांनी नववा महिना भरेपर्यंत एक संध्याकाळ चुकवली नाही. मुलगी झाली, सुखरूप, तीन किलोची. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बायकांसमोर माझं कौतुक केलं, ही पोरगी नेमानं चालली म्हणून. मला गप्प बसवेना. मी सांगितलं, चालल्या त्या आमच्या आत्या, मी नुसती मागनं गेले. असा अभिमान मला माझ्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

आत्यांनी नातीचं टोपडं सारखं केलं.

"मी कुठं चालले? मी निस्ती फुडं व्हते."