चौकीसमोरून जाणारा चोर

रंगपंचमीच्या दिवशी मी भाचा समजून दुसऱ्याचंच पोर घेऊन घरी निघालो.

या वाक्याच्या आधी दोन-चार सबबी घालता येतील का, हे मी बघितलं. पण बच्छावताईंची शिस्त आडवी आली. त्या म्हणायच्या, "कारणं मागून सांगा भाऊ, आधी काय केलं ते सांगा." म्हणून आधी ते सांगून टाकलं.

बच्छावताई आमच्या जुन्या नाशकातल्या चौकीत हवालदार होत्या. मूळच्या देवळ्याच्या. बुटक्या, रुंद, आणि चालणं असं, की आग लागली तरी या मेथीची जुडी निवडून मगच निघतील. आमची ओळख झाली तेव्हा त्या पोलीस होत्या आणि मी संशयित. पुढे स्नेह वाढला, तरी ओळख करून देताना त्या हे सांगायला विसरायच्या नाहीत. "हे आमचे जुने संशयित," असं म्हणून मग नाव सांगायच्या.

आता कारणं. नाशकात रंगपंचमीला रहाड उघडतात. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर त्याच्यावरून रिक्षा धावतात, आणि त्या दिवशी तो रंगाने भरून शहाणीसुरती माणसं त्यात उड्या मारतात. इगतपुरीहून बहीण आली होती. तिचा चिनू माझ्या हवाली करताना म्हणाली, "दादा, याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस." मी चिनूला पानाच्या टपरीपाशी उभं केलं, "इथून हलू नको" असं बजावलं आणि रहाडीत उडी मारली. वर आलो तो डोळ्यांत रंग, कानात डीजे, आणि समोर पिवळं, त्याच उंचीचं पोर. त्याचा हात धरला आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, लावलेल्या गाडीकडे चालू लागलो.

पोर ओरडायला लागलं, "सोड! तू माझा कोणी नाहीस!" मला काहीच वाटलं नाही. सकाळी मोठी पिचकारी घेऊन दिली नाही म्हणून चिनूसुद्धा हेच म्हणाला होता. मी उलट त्याच्यावरच खेकसलो, "आणि चप्पल कुठे टाकलीस? तुझी आई मला जिवंत सोडेल का?"

कोणीतरी विचारलं, "नाव काय पोराचं?" मी म्हणालो, "चिनू." पोर म्हणालं, "ओम." "खोटं बोलतोय हो, रुसलाय," मी समजावलं. संपलं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. टोळी आज प्रत्यक्ष सापडली. पहिली थप्पड कुठून आली ते कळलं नाही. दुसरी कुठून येतेय हे बघायला वळलो, तोवर तिसरी आली. तोंडाने मी "अहो, मी विमा एजंट आहे" असं सांगत होतो. त्याने लोक जास्तच भडकले.

तेवढ्यात समोरच्या चौकीतून ताई येऊन मधे शिरल्या. पोराला एका हाताने जवळ ओढलं, दुसऱ्याने मला मागे ढकललं.

"काय केलं याने?"

"पोर पळवतोय मावशी! द्या इकडे, दाखवतो त्याला!"

"देते ना. माझं एवढं ऐका, मग देते." ताईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. ऐकू यावं म्हणून पुढचे चार जण गप्प झाले. "पळवणारा माणूस पोराला गोडीत घेतो. खाऊ देतो, कडेवर घेतो. ह्यो तर चपलेवरून भांडत होता, मी लांबून ऐकलं. आणि पळवणारा चौकीसमोरून जाईल का? मागं बोळ हाय की! पोराच्या आईला भिणारा माणूस पोर पळवत नाय. काय?"

"पण मावशी, नाव चुकीचं सांगतोय!"

"तेच म्हणते मी. खऱ्या चोराने नाव आधी विचारून घेतलं असतं."

गर्दी विचारात पडली. मीही पडलो. तेवढ्यात किंकाळी आली आणि ओमची आई धावत आली. पोराला उराशी धरून ती अशी काही रडली, की डीजेवाल्यानेही गाणं थांबवलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि पायातली चप्पल काढली. ताई म्हणाल्या, "बाई, आधी पोराला धरा. याला मी धरलंय."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा ओम, तर मग चिनू कुठे?

मी "चिनू, चिनू" करत उलट्याच दिशेने पळायला लागलो. ताईंनी मला वळवलं. "पोराला काय सांगून आला होता?" "हलू नको म्हणून." "मग तो नसेल हलला. पोरं आपल्यापेक्षा बरं ऐकतात." चिनू टपरीपाशीच होता, तोंडात बडीशेप. मी त्याला घट्ट धरलं आणि ओमच्या आईसारखाच रडलो. तो म्हणाला, "मामा, अजून एक उडी मार ना."

पुढे मी चौकीत चहाला जाऊ लागलो. एकदा एक मुलगी हरवली आणि पेठ तालुक्याकडचा एक फुगेवाला पोलिसाला बघून पळाला, म्हणून लोकांनी धरून आणला. तो काही बोलेना. ताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याला चहा दिला आणि विचारलं, "याआधी कोणी मारलं होतं रे?" मग तो बोलला. आदल्या वर्षी दुसऱ्या गावात नुसत्या संशयावरून त्याला बदडलं होतं. मुलगी नातेवाइकांच्या टेम्पोत झोपलेली सापडली. ताई म्हणाल्या, "पोलिसाला बघून पळतो तो चोर म्हटलं, तर निम्मं नाशिक आत घालावं लागेल."

निवृत्त होऊन त्या देवळ्याला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात भेटायला गेलो, तर कांद्याच्या चाळीपाशी बसून सडके कांदे बाजूला काढत होत्या. मी मनातलं विचारलं, "ताई, त्या दिवशी मी निर्दोष आहे याची तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

"खात्री? कसली खात्री? पोर रडत होतं, तुम्ही ओढत होता."

"मग ते चपलेचं, चौकीचं, आईला भिण्याचं?"

"ते लोकांसाठी. माणूस विचार करायला लागला की त्याचा हात खाली येतो. तेवढ्यात पोराची आई येईल असं वाटलं, ती आली."

"आणि मी खरंच पळवणारा असतो तर?"

"तरी मारू दिलं नसतं."

मीही दोन-चार सडके कांदे बाजूला काढले. मग राहवेना. "पण ताई, थोडं तरी वाटलं असेल ना? माझ्या चेहऱ्यावरून?"

ताईंनी हातातला कांदा ठेवला आणि मला नीट निरखून पाहिलं.

"चेहऱ्यावरून तुम्ही पक्के चोर दिसता भाऊ. पण पोर पळवायला थोडी तरी अक्कल लागती."