मंगळावर सावली शोधणारा सैनिक

मी मंगळावर एकदाच गेलो, आणि त्या एका खेपेत दोनदा मेलो.

ही गोष्ट मी तीसेक वर्षं पोटात ठेवली होती. तेव्हा मी बावीस वर्षांचा, गोव्यात मुळगावच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर हजेरी घ्यायच्या कामावर. मुंबईहून ‘नभपथक’ या मालिकेची मंडळी आली. (रविवारी सकाळी ती लागली की आमच्याकडे दारावर आलेला पोदेरसुद्धा पावांची टोपली उतरवून खिडकीशी उभा राहायचा!) त्यांना मंगळ हवा होता. आमच्या खाणीतले लाल ढीग बघून दिग्दर्शक म्हणाला, “खऱ्या मंगळावर तरी इतकं लाल असेल का?” मंगळाचे सैनिक म्हणून खाणीवरचेच चाळीस कामगार घेतले, बहुतेक सिंधुदुर्गातून आलेले. आमचीच हेल्मेटं, आमचेच गमबूट. त्यांना चंदेरी रंग फासला, हेल्मेटवर माडाचे दोन-दोन हीर खोवले, की झाले परग्रहवासी! उरलेल्या हिरांची कोणीतरी केरसुणी बांधून घरी नेली.

त्यांत मीही एक, आणि माझं काम एकच. नायकाच्या बंदुकीतून उजेड पडला की मरायचं आणि पडून राहायचं.

पण घरी सांगताना ‘सैनिक’ म्हणायला जीभ रेटेना. सम्राटाचं काम करणारा मुंबईचा नट डोक्यापासून हनुवटीपर्यंत मुखवट्यात होता. म्हणून मी सांगून टाकलं, “सम्राट मीच!” आणि देवाची कृपा बघा, तो भाग लागला त्या रविवारी अख्ख्या डिचोलीची वीज गेली! पुढे पेडण्याला सुलभाला बघायला गेलो, तेव्हा खाणीवरच्या नोकरीपेक्षा तिच्या घरच्यांवर छाप पडली ती मंगळाच्या गादीची. लग्न झालं. सम्राटपद कायम राहिलं. मुलगी मैथिली झाली, तिला मांडीवर घेऊन मी मंगळाच्या राज्यकारभाराच्या गोष्टी सांगितल्या.

आणि परवा मे महिन्यात मैथिली पणजीहून सुट्टीला आली ती ओरडतच. “बाबा, तुमचो भाग गावलो! कोणीतरी इंटरनेटवर घातलाय!”

नेमका त्याच दिवशी मेहुणा दत्ताराम पेडण्याहून मानकुराद आंबे घेऊन आलेला. सगळे टीव्हीसमोर बसले. सम्राट अवतरला, आणि सुलभा अशी काही फुलली की मला माझाच हेवा वाटला!

“भावजी,” दत्ताराम डोळे बारीक करून म्हणाला, “तुमी तेवां इतके उंच होतास?”

“बूट!” मी म्हणालो.

“आणि आवाज?”

“मुखवटा!”

सम्राट सैन्यापुढे भाषण करू लागला. “हे मंगळवीरांनो! पृथ्वीचा नाश होवो! विजय आपलाच होवो!” आता मला सांगा, कोकणातल्या माणसासमोर कोणी वर हात करून ‘असं होवो, तसं होवो’ म्हणू लागला, तर त्यानं काय करायचं? आम्ही जन्मापासून देवळात गाऱ्हाणं ऐकत आलो. गावकार देवाला साकडं घालतो आणि आम्ही मागून साथ देतो. त्या दिवशी शिस्तीत गप्प उभे होतो सगळे, पण माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, “व्हय म्हाराजा!” झालं! पाठोपाठ बाकीचे सगळे, “व्हय म्हाराजाऽऽ!” दिग्दर्शकानं डोकं धरलं, पण लढाई अजून बाकी होती आणि सम्राटाला रात्रीची बस गाठायची होती. म्हणाला, “राहू दे. मंगळाची भाषा समजतील लोक.”

पुढे लढाई. उजेड पडला, मी पडलो. त्यानंतर पडद्यावर जे दिसलं ते तीस वर्षं मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. रणांगणावर सगळी प्रेतं गप पडलेली, आणि मागच्या बाजूचं एक प्रेत हळूच उठतं, पाठ झटकतं, चार पावलं चालून एका ढिगाच्या सावलीत जातं आणि पुन्हा मरतं!

घर हसलं. सुलभा तर पदर तोंडात कोंबून हसली. “हो येडो खंयचो ओ? मेल्लो माणूस सावळेत गेलो!”

“असेल कोणी सावंतवाडीकडचा,” मी म्हणालो. (सावंतवाडीकरांनो, क्षमा करा.)

इथवर मी सहन केलं. पण मैथिली खालची लोकांची मतं वाचू लागली. “‘लहानपणी या सम्राटाला भिऊन मी पलंगाखाली लपायचो. आज कळलं, त्याच्या छातीवर मोदकपात्राचं झाकण आहे.’ ‘पहिला व्हय म्हाराजा एकटाच कोण ओरडतो? तेवढ्यासाठी हा भाग अकरा वेळा पाहिला.’ ‘सावलीत जाऊन मरणारा सैनिक हाच या मालिकेतला सर्वांत बुद्धिमान प्राणी.’ ‘त्याला काढून टाकला असेल.’ ‘आळशी मेला!’”

आळशी! पंख्याखाली बसून, पाय टेबलावर टाकून हे लोक आमच्या मरणाला नावं ठेवणार! अरे, मे महिन्यातली दुपार होती. खनिजाचा ढीग तव्यासारखा तापलेला. त्यावर उघड्या पाठीनं पडून दाखवा पाच मिनिटं, मग काढा मतं! शिवाय चार वेळा तोच मरणाचा देखावा घेतला होता. तीनदा मी जागच्या जागी इमानेइतबारे मेलो, ते कोणी दाखवलं का? नाही! त्यांनी नेमका चौथा ठेवला, म्हणून हिशेबात माझी मरणं दोनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभा आडवी झाल्यावर मी तिचा फोन घेतला. (माझा फोन बटणांचा. त्यावर फक्त बोलता येतं, भांडता येत नाही.) आणि एका दमात लिहिलं: ‘ज्या सैनिकाला तुम्ही हसता, त्याच्याइतका देखणा जवान त्या काळी डिचोली तालुक्यात नव्हता. त्याची ती छाती, ती चाल! उन्हात त्यानं काय सोसलं, ते एक मलाच ठाऊक. आज इतकी वर्षं झाली, तो माझ्या मनातून जात नाही.’ पाठवलं, फोन जागेवर ठेवला आणि पाच तालुके जिंकल्यासारखा झोपलो.

फोन सुलभाचा, म्हणजे वर नाव सुलभाचं आणि हळदीकुंकवाच्या नऊवारीतला फोटोही सुलभाचाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

संध्याकाळपर्यंत खाली रांग लागली. ‘सुलभाताई, पुढे काय झालं?’ ‘त्याच्याशीच लग्न झालं का?’ ‘घरच्यांनी विरोध केला का?’ एका बाईनं तर रडवेली चित्रं टाकून लिहिलं, ‘ताई, पहिलं प्रेम विसरता येत नाही.’ भजनी मंडळातल्या दोघींनी फोन केले आणि चौकशी न करता नुसत्याच हळहळल्या. मग पेडण्याहून दत्तारामाचा फोन आला. तो इतका मोठ्यानं बोलत होता की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

“ताये, हो सावंतवाडीचो कोण? भावजींका ठावक आसा?”

“माका काय ठावक!” सुलभा लालबुंद झाली होती. “मिया लिवूकच नाय ह्या! माझ्या नावान कोणी तरी लिवला!” मग फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली आणि तिचे डोळे भरून आले. “अहो, तुमी तरी माझ्यार विश्वास ठेवतास मां?”

तो क्षण होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तीस वर्षांची गादी सोडून त्या सावलीत जाऊन पडायचं! एकीकडे बायकोची अब्रू, दुसरीकडे माझं साम्राज्य. लाज वाटते सांगायला, पण मी म्हणालो, “संपूर्ण विश्वास आहे.” इतक्या उदारपणे म्हणालो की तिनं माझा हात हातात घेतला. त्या रात्री मला आंबासुद्धा गोड लागला नाही.

सुलभा मात्र गप्प बसणारी नव्हे. “देवाक गाऱ्हाणा घालूया,” ती म्हणाली. “कोण तो समोर येवंदे.”

दोन दिवसांनी ऐन बारा वाजता आम्ही ग्रामदेवाच्या देवळासमोर उभे. सुलभा, मैथिली, नातेवाईक म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून आलेला दत्ताराम, आणि भजनी मंडळ (सहानुभूतीनं!). अंगण तापलेलं, सगळे अनवाणी. गावकारानं नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी इली आसत. ह्या सुलभाच्या नावान जेणा कोणा खोटानाटा लिवला आसात, त्येका तुझ्या दारात उभो कर. त्येची त्येच्याच तोंडान ओळख पटवून दी म्हाराजा!”

आणि माझ्या तोंडून, सगळ्यांच्या आधी, एकट्याच्या, खणखणीत आवाजात निघून गेलं:

“व्हय म्हाराजा!”

मागून कोणीच साथ दिली नाही. मैथिली सावकाश वळली. “बाबा,” ती म्हणाली, “हो आवाज मंगळावरचो...” मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सगळी मंडळी तळपत्या अंगणात रांगेत उभी होती. मी मात्र रांगेतून चार पावलं बाजूला, पिंपळाच्या सावलीत होतो. कधी गेलो ते मला आठवतही नव्हतं!

दत्तारामानं अंगणातच मांडी घातली आणि चटका बसून लगेच उठला. गावकार म्हणाला, “देवान कौल तुरत दिलो!” भजनी मंडळानं हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. सुलभानं तिथेच फोन काढला, चष्मा लावला आणि बराच वेळ एका बोटानं लिहीत राहिली. मग तो माझ्यासमोर धरला.

‘वरचं मी लिहिलेलं नाही, त्या सैनिकानंच लिहिलं आहे. लग्न त्याच्याशीच झालं. सांगितला होता सम्राट. देखणा वगैरे काही नव्हता. पण घरात भांडणाचा विस्तव पेटला की आजही पहिला सावलीत तोच जातो.’

या मतावर आजपर्यंत एकाही प्रेक्षकानं आक्षेप घेतलेला नाही. मीही घेतला नाही. “व्हय म्हाराजा,” म्हणालो, आणि होतो तिथेच सावलीत तिसऱ्यांदा मेलो.