तिच्याजवळ कोण होतं?

जयाचं काम ऐकून चाकूरकडच्या तिच्या गावात लोक हसायचे. लातुरात एसीत बसून दिवसभर लोकांचे व्हिडिओ बघायचे, आणि वर त्याचा पगार! काय ठेवायचं, काय काढायचं, कुणाला मदत पाठवायची, हे ती ठरवायची. मराठवाड्याची बोली कळणारी ऑफिसात ती एकटीच, म्हणून इकडचं सगळं तिच्याच पुढ्यात यायचं.

कंपनी मनमानी करते अशी ओरड झाली, तेव्हा प्रत्येक निर्णय ब्लॉकचेनवर जायला लागला. म्हणजे नोंद एका कपाटात नाही, असंख्य ठिकाणी एकसारखी. कुणीही उघडून पडताळावी, प्रश्न विचारावा. लिहिलेलं मालकाच्या बापालाही खोडता येत नाही, फार तर खाली भर घालता येते. जयाला याचा केवढा अभिमान! "माय, माझं लिवलेलं कुनी बदलू शकत न्हाई," असं ती फोनवर आईला, सुभद्राबाईंना सांगायची.

मग अंबिकाचा व्हिडिओ आला. उमरीकडची तरणी बाई, नवरा नुकताच गेलेला. मोबाइलसमोर बसून ती सुरात रडत होती, "मला बी घेऊन जा की वो धनी, एकलीला कशाला ठिवलं?"

व्हिडिओ आधी चाळणाऱ्या यंत्राने लाल खूण केली होती: जिवाला धोका, तातडीने मदत पाठवा. जया वैतागली. या यंत्राला आमच्याकडचं काय डोंबल कळतंय? वडील गेले तेव्हा माय याच शब्दांत रडली होती, आत्याच्या गळ्यात पडून. सगळ्याच बाया तशा रडतात, मोकळ्या होतात आणि कामाला लागतात. तिने मदत थांबवली, 'शोकाचा रिवाज आहे, धोका नाही' असं कारण लिहिलं आणि पुढचा व्हिडिओ उघडला.

तिसऱ्या दिवशी अंबिकाने जीव दिला.

चौकशी झाली. बाहेरच्या लोकांनी नोंद उघडून पडताळली आणि निर्णय नियमानुसारच असल्याचा निर्वाळा दिला. मालविका मॅडम, जयाच्या वरिष्ठ, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं काहीच चुकलेलं नाही. अख्ख्या जगाला दिसतंय ते." तरी जयाचा डबा तसाच घरी परत गेला.

अंबिकाच्या मोबाइलवर नियमाप्रमाणे त्या नोंदीची लिंक आलेली होती. तिच्या भावाने, लखनने, ती उघडली आणि खाली प्रश्न टाकला. निर्णय कुणाचा, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तिथे नाव नसतं, नुसता आकडा असतो.

"सायेब, तुमी लिवलेलं वाचलो. रिवाज हाय, खरं हाय. पर आमच्या बाया कुनाच्या तरी गळ्यात पडून रडतात ना वो? माझ्या बहिनीजवळ कोन व्हतं? मी नांदेडला कामाला व्हतो, म्हनून इचारून राहिलो."

जयाने व्हिडिओ पुन्हा लावला. रडता रडता अंबिका दोन्ही हात पुढे करत होती आणि हात तसेच खाली येत होते. मायला आत्याची मान होती, दारात बाया दाटल्या होत्या, कुणी पाणी पाजत होतं. इथे मागे भिंत होती आणि रिकामी बाज. जयाने तेव्हा नुसते शब्द ऐकले होते. लहानपणापासून जे पाहत आली, तेच तिला दिसलं नव्हतं. ती टेबलावर डोकं टेकवून ढसाढसा रडली. मालविका मॅडम उठून आल्या आणि तिला धरून उभ्या राहिल्या.

जरा वेळाने त्यांनीच जयाला उत्तराचा ठरलेला मजकूर पाठवला: 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. निर्णय नियमानुसार होता.'

"एवढंच टाक," त्या म्हणाल्या. "जास्त लिहिलंस तर ते कायमचं राहील गं. नोकरी तर जाईलच, दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही."

"ऱ्हाऊ द्या की मॅडम कायमचं," जया म्हणाली.

तिने तो मजकूर पुसला आणि नोंदीखाली भर घातली: 'लखनभाऊ, मी साहेब नाही. चाकूरकडची जया आहे. तुमची बहीण एकटी होती. मी बघितलं नाही.'