स्वस्तातला टॅब आणि रानातला कांदा

मंडळी, आज पार दमलो राव.

पीक पाहणीचा शेवटचा दिवस व्हता. आपल्या रानात उभं राहून सरकारी ॲपात फोटो टाकला, तरच सातबाऱ्यावर कांदा लागतो. माझा फोन बिघडलेला, म्हणून आबांसाठी, म्हणजे वडलांसाठी घेतलेला स्वस्तातला टॅब घेऊन दोघं बोरीच्या रानात गेलो.

तासभर उन्हात बांधाबांधानं फिरलो. उभा कांद्यात, पण टॅबच्या नकाशात मी शेजाऱ्याच्या उसात! फोटो काय घेईना.

वैतागून टॅब आबांच्या हातात दिला. त्यांनी पडद्यावरचं खणखणीत वाचलं, "आपण निवडलेल्या गट क्रमांकात नाही आहात."

मग खुशीत म्हणाले, "लई भारी घेतलास रं. चष्म्याबिगर वाचलं बघ!"

आता तुमीच सांगा, या टॅबला शिव्या कोणत्या तोंडानं देऊ?