माठाजवळच होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोरसुद्धा नाही — तिथे उभी राहिले की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी व्हायचे. परवा जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं. आता तुला सांगते. ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. बोललीस तर मी विषय बदलेन, मला ती खोड आहे.

गोष्ट कोंबडीची आहे. हसलीस ना? हस. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं की कोंबडीच्या गोष्टीत एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

रत्नागिरीत आमची बिल्डिंग तेव्हा नवी होती. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये शोभा आणि तिचा नवरा. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, मूल नाही. एका रविवारी त्याने रश्श्यासाठी जिवंत गावठी कोंबडी आणली आणि शोभाने ती कापूच दिली नाही. त्या दिवशी दोघं डाळभात जेवली. कोंबडीचं नाव ठमी पडलं, गॅलरीत खोक्याचं खुराडं झालं, आणि बघता बघता ठमी घरची झाली. शोभा भाजी निवडायला बसली की ही तिच्या मांडीला टेकून बसायची. बिल्डिंगमधली माणसं नाकं मुरडायची — फ्लॅटमध्ये कसली मेली कोंबडी पाळतात! मीही मुरडायचे. आणि दुपारी कोणी बघत नसलं की ठमीला मूठभर तांदूळ टाकायचे.

आता फ्रीजचं सांगते. नाही, विषय बदलत नाहीये — तिथेच येतेय.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्याकडे फ्रीज आला. मजल्यावरचा पहिला. मी त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं होतं, हँडलला रुमाल बांधला होता. कोणी घरी आलं की तहान लागो न लागो, बर्फाचं पाणी. डायल कायम शेवटच्या आकड्यावर. नवरा म्हणायचा, अगं, भाजी गोठते. गोठू दे! फ्रीज आहे तर गारच करणार ना?

त्याच मे महिन्यात ठमी खुडूक झाली. अंडी द्यायचं बंद आणि रिकाम्या खोक्यात फुगून बसायचं. शोभाच्या सासूबाई, आक्का, पालीला गावच्या घरी असायच्या. त्यांनी निरोप धाडला की घरच्या कोंबड्याची अंडी घेऊन येते, बसवू या. आपल्या बिल्डिंगीत कोंबडा कुठला? त्या एसटीने तुसात पुरलेली अंडी मांडीवर घेऊन आल्या, तेव्हा शोभा आणि तिचा नवरा लग्नाला मुंबईला गेलेली आणि ठमी माझ्याकडे होती. मी म्हटलं, आक्का, आत्ताच बसवू की. तर त्या म्हणाल्या, "नको गो बाय. अंडी शोभानंच ठेवायची. तिच्या हाताला यश येऊंदे एकदा."

कळलं ना तुला? मला तेव्हाच कळलं होतं. आक्का वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. जिच्या हाताने बसवलेली अंडी फुटून पिल्लं निघतात, तिचा हात भरला, मग तिची कूसही भरते, असं त्यांचं साधं मानणं. डॉक्टर झाले, नवस झाले, आता हे. मला म्हणाल्या, मी लेकीकडे जाऊन येते, तोवर ही टोपली माठाजवळ ठेव, खाली फरशीवर. तिथे बरोबर राहतील.

माठाजवळ! मला हसूच आलं. एवढा फ्रीज घरात असताना अंडी फरशीवर ठेवायची? बाहेर मेचा उकाडा, नासली म्हणजे? मी तुसातून एकेक अंडं काढलं, पुसलं आणि वरच्या कप्प्यात, बर्फाच्या पेटीखाली, ओळीने मांडलं. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. उलट नको तिथे ठेवू नये म्हणून जागासुद्धा दाखवली होती. पण मला शहाणपणा फार.

तीन-चार दिवसांनी शोभा, तिचा नवरा, आक्का, सगळी परत आली. मी अंडी पुन्हा टोपलीत भरून नेऊन दिली. शोभा न्हाऊन आली होती, नवी साडी नेसली होती — कोंबडी बसवायला, बघ. आक्कांनी टोपलीत तूस पसरलं, मेघ गरजला तर अंडी नासू नयेत म्हणून लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवला. शोभाने पहिलं अंडं हातात घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, गार लागतंय हो."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "माठाजवळच होती ना गो?"

"हो तर," मी म्हटलं, "माठाजवळच होती."

हेच ते खोटं. केवढंसं आहे, नाही? का बोलले? आपण चुकलो असं वाटलं म्हणून नाही — आपल्या फ्रीजला कोणी गावंढळासारखं काही बोलेल म्हणून. इतकंच.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सहज म्हणून विचारलं, फ्रीजमधल्या अंड्यांतून पिल्लं निघतात का हो? तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, निघाली असती तर आपल्या फ्रीजात चिवचिवाट नसता झाला? आणि हसला.

आणि आता लाजेचं सांगते. तेव्हा वेळ होती. नीट ऐक — वेळ होती. शेजारचं दार वाजवायचं आणि सांगायचं, आक्का, माझं चुकलं, दुसरी अंडी आणा. आक्कांनी चार शब्द सुनावले असते, झालं. मी दारापर्यंत गेले दोनदा. आतून शोभाचा आवाज येत होता, ठमीशी बोलत होती, खा गं बाई, ऊठ, दोन दाणे खा. मी परत फिरले. मनाला म्हटलं, एखादं तरी निघेलच की!

एकही निघालं नाही. दिवस भरले, वर चार दिवस गेले, ठमी हलायला तयार नाही. शेवटी आक्कांनी तिला उचललं आणि गॅलरीतच एक अंडं फोडलं. नुसतं पाणी. जीव धरलाच नव्हता. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी जमल्या होत्या. मी घाईघाईने म्हटलं, मध्ये ढग फार गडगडले ना, त्यानेच. आक्का म्हणाल्या, खिळा होता टोपलीत. मग शोभाकडे न बघता म्हणाल्या, "हिच्या हाताला यशच नाय."

मी तिथेच उभी होते. तोंडात शब्द होता. गिळला.

शोभा रडली नाही. तिने ठमीला आक्कांच्या हातात दिलं आणि म्हणाली, गावाला घेऊन जा, माझ्याजवळ नको. टोपली स्वतः धुतली.

मग ती बदलली. म्हणजे बोलायची, हसायची, पण हात मागे. कोणाची ओटी भरायची असली की ती चहाचे कप विसळायला आत जाणार. कोणाचं बाळ दाखवायला आणलं तर लांबूनच "गोड आहे हो." दर मेमध्ये ती माझ्याबरोबर लोणच्याच्या कैऱ्या चिरते, आणि बरणी भरायची वेळ आली की हात मांडीत ठेवून म्हणते, "तुम्हीच भरा वहिनी, माझ्या हातचं नासेल." सगळी वर्षं मी भरत आले. चांगली टिकायची लोणची. आक्का गेल्या. शोभाला मूल झालं नाही — ते माझ्यामुळे नाही, एवढं मला समजतं. पण तिचे हात? ते माझ्यामुळेच.

परवा ती परत तेच म्हणाली. तुम्हीच भरा वहिनी. आणि काय झालं कोण जाणे, मी मिठाचा डबा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. फ्रीज, बर्फाची पेटी, माठ, सगळं. थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं.

तिने कैऱ्यांची परात बाजूला सरकवली. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"सासूबाई असताना सांगायचं होतंत," ती म्हणाली. एवढंच. उठली, मोरीत हात धुतले, पुसले, आणि गेली. कैऱ्या तशाच राहिल्या.

तुला वाटेल मी रडले असेन. नाही गं. खरं सांगू? मला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

काल खालच्या मजल्यावर डोहाळजेवण होतं. ओटी कोणी आधी भरायची म्हणून नेहमीसारखं तू हो, तू हो चाललं होतं. शोभा कप विसळायला गेली नाही. ती उठली, पदर खोचला, दोन्ही हातांची ओंजळ भरून तांदूळ घेतले आणि त्या पोरीच्या पदरात घातले. मग नारळ, मग खण. सावकाश, एकेक. मी मागे भिंतीला टेकून बघत होते. माझ्याजवळून जाताना ती थांबली नाही, बोललीही नाही. बोलणारही नाही बहुतेक.

तिच्या हाताला थोडे तांदूळ चिकटले होते. ते तिने झटकले नाहीत.